सासूबाईंचे सेकंद

गुरुवार

माझ्या मानसशास्त्राच्या ऑनलाइन बी.ए.चं लाइव्ह लेक्चर संध्याकाळी सातला, म्हणजे नेमकं कुकर लावायच्या वेळेला. त्यामुळे मी कायमची रेकॉर्डिंगवाली. पतसंस्थेतून आलं, जेवणं उरकली, की इयरफोन लावून दीडपट वेगाने ऐकायचं. सामाजिक मानसशास्त्र भांडी घासतानाही डोक्यात शिरतं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, मात्र नाही शिरत, त्याला वही-पेन घेऊन टेबलाशीच बसावं लागतं. आज बसले. दिवसभर ठेवींवरचं व्याज काढणाऱ्या बाईला आकडेमोडीची भीती वाटायचं कारण नाही. आमच्या बॅचमधल्या विशीतल्या पोरी नेमक्या ह्याच पेपरला टरकून असतात. त्या आल्या होत्या माणसांची मनं वाचायला, आणि पहिल्याच सत्रात हातात पडल्या चेतापेशी आणि वुंटसाहेबाची लाइपझिगची १८७९ सालची, मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी प्रयोगशाळा.

गडहिंग्लजमध्ये अजून कुणालाच हे पटत नाही. कालच समोरच्या वहिनी दारात थांबवून म्हणाल्या, "आता तुम्ही काउन्सेलर होणार ना? आमच्या पोराचं जरा बघा की, रात्र रात्र झोपत नाही." मी सांगितलं, बी.ए. झाल्यावरसुद्धा मी कुणाला तपासू शकणार नाही. पुढे एम.ए., मग भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं क्लिनिकल प्रशिक्षण, मग नोंदणी. तेवढं झालं तर त्या खुर्चीत बसायचा अधिकार. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात म्हटलं. वहिनींचा चेहरा पडला. घरातल्या घरात काम होईल असं वाटलं होतं त्यांना.

शनिवार

जर्नलसाठी, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीसाठी, स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग. १९३५ चा, करायला अगदी सोपा. एका कागदावर नुसते रंगीत ठिपके. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण भलत्याच शाईत, म्हणजे 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' काळ्या शाईत. समोरच्याने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. दोन्हीला लागलेला वेळ मोजायचा. शब्दांच्या कागदाला जास्त वेळ लागतो, कारण वाचायची इतकी सवय झालेली असते की अक्षर डोळ्यांपुढे आलं की ते वाचलं जातंच. थांबवू म्हटलं तरी थांबत नाही.

स्केचपेन लेकाचे, स्टॉपवॉच मोबाइलचं. आधी त्यालाच बसवलं. ठिपके पटापट म्हणून टाकले आणि शब्दांवर जो अडखळला! "नि... नाही, लाल. हि... थांब, थांब." जवळजवळ दुप्पट वेळ. पुस्तकात लिहिलंय तसंच.

मग सासूबाई. त्यांनी पदराने चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, "पोरांचा खेळ हाय व्हय ह्यो?" ठिपके सावकाश सांगितले. शब्दांचा कागद दिला, तोही त्याच चालीने, न अडखळता. फरक जेमतेम तीन-चार सेकंदांचा. मला वाटलं घड्याळ दाबताना गडबड झाली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. लेक म्हणाला, "आजी, चीटिंग!"

रात्री अंथरुणावर पडल्यावर उलगडा झाला. सासूबाईंचं माहेर हुक्केरीच्या बाजूचं, शाळा सातवीपर्यंत आणि ती कानडी. मराठी वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, हरिपाठ आणि पंचांगावर. आजही मराठी एकेक अक्षर जुळवत वाचतात. म्हणजे 'लाल' हे अक्षर त्यांच्यावर धावून येतच नाही. शब्द तोंडाशी यायच्या आत शाईचा रंग सांगून झालेला असतो.

सोमवार

पतसंस्थेत संकेश्वरची एक सहकारी आहे. तिच्याकडून जेवणाच्या सुट्टीत चार शब्द कानडीत लिहून घेतले: केंपू, नीली, हसिरू, कप्पू. तिने आधी विचारलं, कशाला? सांगितल्यावर सगळा कागदच तिने हौसेने रंगवून दिला. संध्याकाळी सासूबाईंपुढे ठेवला, रंगांची नावंही कानडीतच सांगा म्हटलं.

अडकल्या! चक्क अडकल्या. तिसऱ्याच शब्दाला शाई सोडून अक्षर बोलून गेल्या, जीभ चावली, पुढे तर एक ओळच गाळली. माहेरून भाऊ आला की कानडी पेपर आणतो आणि त्या तो सणासणा वाचतात, ते आठवलं. "ह्यो कागद वाईट लिवलाय," असा निकाल देऊन त्या देवघरात गेल्या.

इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

ग्रुपवर मागच्या बॅचची तयार जर्नलं पीडीएफमध्ये फिरतायत. त्यातले आकडे किती सुबक, प्रत्येक प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्याला, स्ट्रूप परिणाम हमखास आलेला. मी आले तसे आकडे भरले. मॅडमना मेल केला होता, त्यांचं दोनच ओळींचं उत्तर आलं: एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढू नका, चर्चेच्या भागात मात्र जरूर लिहा. बरोबरच आहे. वय, चष्मा, दुसऱ्यांदा करताना आलेला सराव, हे सगळं त्यात मिसळलेलं. तरी त्या भागाची दोन पानं झाली.

लिहिता लिहिता धारवाडचे मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामत आठवले. फ्रान्सच्या बिनेची बुद्धिमापन चाचणी त्यांनी १९३० च्या दशकात आपल्या मुलांसाठी बसवली, तीही मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांमध्ये. बिने-कामत नावाने ती अजून वापरात आहे. पुस्तकात वाचलं तेव्हा नुसतं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. परदेशी चाचणी उचलून इथल्या पोरापुढे ठेवली की काय काय मोजायचं राहून जातं, ते आता सासूबाईंच्या सेकंदांवरून कळतंय.

बुधवार

ग्रुपवर आज नुसती धुमश्चक्री. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम बंद केले, नवे प्रवेश नाहीत. सोबत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण, आहारशास्त्र. आधार आहे आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांचा २०२१ चा कायदा. पोरींचा पहिला प्रश्न, आपल्या डिग्रीचं काय? मला तरी ह्यात आधीच्या विद्यार्थ्यांची डिग्री रद्द झाल्याचं कुठे दिसलं नाही. पण घाबरलेल्या माणसाला कागद वाचून दाखवून उपयोग नसतो, हे ग्रुपवर आज पुन्हा दिसलं.

मला हा निर्णय अर्धा पटतो. रुग्णासमोर बसणारा माणूस रेकॉर्डिंग ऐकून तयार होऊ नये. त्याला वॉर्ड हवा, डोक्यावर वरिष्ठ हवेत, चुकलं की लगेच हात धरणारं कुणी हवं. वहिनींच्या पोराला माझ्यासारखीने तपासलं तर? नकोच. पण बी.ए.ने तो अधिकार आधीही मिळत नव्हता. मग बी.ए.चं दार लावून नेमकं कुणाला अडवलं? खोट्या पाट्या लावून बसणाऱ्यांना डिग्री लागतच नाही, त्यांचं दुकान चालूच राहणार. अडली ती नोकरी आणि घर सोडून कोल्हापूरच्या कॉलेजात जाऊ न शकणारी बाई. आणि यूजीसीनेच २०२२ मध्ये सांगितलं होतं की मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरा. तीन वर्षांत इतकी उडी! प्रॅक्टिकल केंद्रावर सक्तीची करा, परीक्षा कडक घ्या, मी तरी तक्रार करणार नाही. सरसकट बंद करण्यापेक्षा ते अवघड, खर्चाचं, म्हणून कुणी करत नसावं.

शुक्रवार

संकेश्वरवालीला ह्या वर्षी प्रवेश घ्यायचा होता. तिने कानडी शब्द इतक्या हौसेने का रंगवले ते आज कळलं. फीचे पैसे भिशीतून बाजूला काढून ठेवले होते. पोरगं अडीच वर्षांचं, नवरा ट्रकवर. रोज कोल्हापूर करणं तिला ह्या जन्मात जमणारं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मोबाइलवर विषयांची यादी बघत बसलो. बी.ए.चे बाकीचे विषय चालू आहेत, गेलंय फक्त मानसशास्त्र. इतिहास नको म्हणाली, सनावळ्या नकोत. समाजशास्त्रावर बोट आलं. "त्यात असले प्रयोग असतात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घ्यायचं काम असतं बहुतेक, सासूबाईंना घड्याळ लावून बसवायचं नाही. "मग माझी सासू सुटली," म्हणाली आणि फॉर्म उघडला. फोटो पन्नास केबीच्या आत बसेना, त्यात सुट्टी संपली.