रेसिडेन्सी म्हणजे राहायची जागा

कुठल्याही कला महाविद्यालयात बोलायला गेले की शेवटी एक हात वर येतोच. प्रश्न विचारणारा मुलगा बहुतेक लँडस्केप चांगली काढणारा असतो आणि त्याचा सूर किंचित दुखावलेला असतो. "मॅडम, रेसिडेन्सीला जाणारे सगळे राजकारण आणि आयडेंटिटी ह्यांच्यावरच का काम करतात? तिथे तसं सांगतात का?" अकोल्याची माझी काकू हाच प्रश्न सोप्या भाषेत विचारते, "तिकडं जाऊन साधी फुलंपानं नाही का काढता येत?"

सांगत कोणी नाही. निदान मला कुणी सांगितलं नव्हतं. पण नुसतं 'नाही' म्हणून खाली बसले तर ते खोटं होईल, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रेसिडेन्सी म्हणजे एखादी संस्था चार-सहा तरुण चित्रकार-शिल्पकारांना काही आठवडे एकत्र ठेवते, स्टुडिओ देते, सामानाला थोडे पैसे देते, आणि शेवटच्या दिवशी दार उघडून लोकांना आत बोलावते. त्याला ओपन स्टुडिओ म्हणतात. मराठीत 'निवासी कार्यशाळा' म्हणावं तर स्काउटचा कॅम्प वाटतो. त्यामुळे मीही रेसिडेन्सीच म्हणते. मात्र त्या शब्दात 'राहणं' आहे, याकडे माझं लक्ष बडोद्याला गेल्यावर गेलं.

2019चा नोव्हेंबर. मकरपुऱ्याच्या बाजूला एका बंद कारखान्याची शेड, सहा आठवडे, आम्ही सहा जण. एक केरळचा, एक काश्मीरचा, एक मणिपूरची, एक पुण्याची, एक बडोद्याचाच शिल्पकार, आणि मी. मी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून त्याचे शाईने कागदावर छाप काढते. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी अर्जात जे लिहिलं होतं ते अगदी निरुपद्रवी होतं. बाबांची अक्षरं मला छापायची होती, एवढंच.

बाबा बोर्ड पेंटर. दुकानांचे बोर्ड, लग्नाचे कापडी फलक, चौदा एप्रिलच्या कमानी, गणपती मंडळांचे बॅनर, आणि निवडणूक आली की भिंती. पक्षाचा माणूस महिनाभर आधी येऊन भिंत 'बुक' करून जायचा, मग बाबा चुना मारून, दोरीने ओळ आखून कामाला लागायचे. पंजा, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण, सगळं त्यांच्याच ब्रशातून निघायचं. हत्तीला सगळ्यात जास्त वेळ लागायचा आणि पैसे सगळ्यात कमी मिळायचे, पण त्याची सोंड ते अशी वळवायचे की रस्त्यावरची माणसं थांबायची. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं. घरात डबे राहिले, ब्रश राहिले, आणि अक्षरांचे खाकी कागदावरचे कित्ते. ते कित्ते घेऊन मी बडोद्याला गेले.

स्टुडिओ शेडमध्ये होता, पण राहायला संस्थेने जवळच्या एका सोसायटीत दोन फ्लॅट बघून ठेवले होते. मुलींचा एक, मुलांचा एक. बडोद्याच्या मुलाचं घर गावातच, तो रोज रात्री स्कूटरवरून जायचा. मुलांच्या फ्लॅटचं दुसऱ्याच दिवशी फिस्कटलं. काश्मीरच्या मुलाचं आधार कार्ड बघून सोसायटीच्या कमिटीने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं. ते करून आणतो म्हटल्यावर बॅचलर चालत नाहीत हे त्यांना आठवलं. केरळवाला तर अट्टल बॅचलर, म्हणजे दोघेही बाहेर.

आमच्या घरमालकीणबाई गोड होत्या. चहा दिला. पुण्याच्या मुलीला आडनाव विचारलं, ऐकून समाधानाने मान हलवली. माझं आडनाव गावावरून, शेवटी 'कर', त्यातून काहीच कळेना. मग, "तुम्ही लोक कसे?" या प्रश्नाला आमच्याकडे किती उपप्रश्न असतात ते ज्याला विचारले जातात त्यालाच माहीत. नॉनव्हेज खाता का, घरात देव कोणते, बाबा काय करतात. मी म्हटलं, बोर्ड रंगवतात. मणिपूरच्या मुलीला काहीच विचारलं नाही, नुसतं सांगितलं की मासळीचा वास भिंतीत बसतो. तिने तोवर सामानसुद्धा उघडलं नव्हतं. चौथ्या दिवशी आम्हा दोघींना समजलं की बाईंचे पाहुणे येणार आहेत आणि खोली लागणार आहे.

शेडला पोटमाळा होता. संस्थेने गाद्या आणल्या, मध्ये पडदा टाकला, पंखे लावले आणि आम्ही चौघं तिथे राहायला गेलो. पुण्याची आठ दिवस त्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली, मग तीही गादी उचलून आली. पाठिंबा म्हणून आली की कंटाळून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. आमच्याकडे काम बघायला येणाऱ्या एक क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्या बाई, होत्या. हे सगळं ऐकून त्यांचे डोळे चमकले. "हेच तर तुमचं मटेरियल आहे!" त्या म्हणाल्या. माझ्या पाठीला तेव्हा पातळ गादीमुळे रग लागली होती. मटेरियल वगैरे मला काही सुचत नव्हतं.

एका रविवारी बडोद्याचा शिल्पकार मला सयाजीबागेत घेऊन गेला. मी म्हटलं होतं, मला संकल्पभूमी बघायची आहे, बाबासाहेब जिथे बसले होते ती जागा. त्याचं अख्खं बालपण त्या बागेत गेलेलं, पण त्याला ती जागा माहीत नव्हती. आमच्या घरी ही गोष्ट पाढ्यांसारखी पाठ असते. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला आले. शिक्षण संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर झालेलं. कचेरीत टेबल मिळालं, गावात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. मग एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून पाहिलं. एकाने नोकर निघून जातील म्हटलं, दुसऱ्याने बायकोवर ढकललं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी ह्या बागेत काढले, तेव्हाच्या कामाठी बागेत. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी झाडाखाली उभी होते. काही भव्य वगैरे वाटलं नाही, खरं सांगते. शेजारी एक कुटुंब भेळ खात होतं. मनात एवढंच आलं की ह्या माणसाला रेसिडेन्सी मिळाली नाही. आणि मला पोटमाळा का होईना, मिळाला. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये एकशेदोन वर्षं आहेत, ती मोजावीत की मोजू नयेत हे मला कळेना.

परत आल्यावर कित्ते बाजूला ठेवले आणि तीन फुटी लिनो कापायला घेतला. मजकूर: 'भाड्याने देणे आहे'. अक्षरं बाबांची, जाड उभी, खाली डावीकडे सावली मारलेली. लिनोत सगळं उलटं कोरावं लागतं, नाहीतर छाप उलटा येतो. ट्रेसिंग पेपरवर उलटलेली बाबांची अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला परक्या लिपीतली वाटली. मुख्य मजकुराखाली बारीक अक्षरांत मी अटी कोरल्या, ज्या मला आणि इतरांना सांगितल्या गेल्या होत्या त्याच, शब्दशः. मणिपूरची रोज रिक्षात तिला विचारलेले प्रश्न बिलांच्या पाठीवर लिहून ठेवायची. त्यातले चार मी तिच्या परवानगीने घेतले. प्रेस एकच, त्यामुळे रात्री नंबर लावावे लागत. केरळवाल्याला चाक फिरवायला बोलावलं की तो फिरवता फिरवता 1987 सांगायचा. त्या वर्षी केरळच्या तरुणांनी इथेच बडोद्यात प्रदर्शन भरवलं, जाहीरनामा काढला, बाजाराला नकार दिला. त्यांचा म्होरक्या के. पी. कृष्णकुमार 1989मध्ये गेला, स्वतःच्या हाताने. हे सांगताना तो चाक थांबवायचा आणि माझा कागद रोलरखाली तसाच अडकून राहायचा. तीन छाप त्याच्या इतिहासापायी वाया गेले.

आता त्या दुखावलेल्या मुलासाठी मुख्य गोष्ट. आमच्यातल्या सगळ्यांनी राजकारणावर काम केलंच नव्हतं. काश्मीरचा मुलगा सहा आठवडे शेडमधली कबुतरं काढत होता. पेन्सिलने, अतिशय निगुतीने, एकेक पीस. त्याच्या गावी ऑगस्टपासून इंटरनेट बंद होतं. ऑक्टोबरच्या मध्यात पोस्टपेड मोबाइल सुरू झाले, पण फोटो पाठवता येत नव्हता. तो रोज संध्याकाळी आईला फोन करून त्या दिवसाचं चित्र सांगायचा. मला काश्मिरी कळत नाही, पण त्याच्या हातावरून समजायचं की आत्ता मान चालली आहे, आत्ता पंख. ओपन स्टुडिओच्या दिवशी प्रत्येक माणूस त्या कबुतरांसमोर गंभीर होऊन उभा राहिला. एका गृहस्थांनी विचारलं, ही शांततेची की सीमेपलीकडची? तो म्हणाला, "मकरपुऱ्याची आहेत."

पुण्याच्या मुलीने तिच्या आजीच्या नऊवारीच्या घड्या रंगवल्या होत्या. सुंदर होत्या. लोक रंगाबद्दल बोलले, कापडाच्या वजनाबद्दल बोलले. ती नऊवारी कोणत्या घरातली, कोणत्या पद्धतीने नेसलेली, ती ओळख कुणाची, हे एकानेही विचारलं नाही. तिलाच ते खटकलं, रात्री म्हणाली, "मला कुणीच काही विचारलं नाही गं." त्या वेळी मला तिचा थोडा राग आला होता. आता वाटतं, आमच्यातली सगळ्यात राजकीय चित्रं तिचीच होती, फक्त बघणाऱ्यांना त्यांची सवय होती.

आणि माझा निळा. संस्थेकडे काळी शाई होती, मी हट्टाने प्रशियन निळी मागवली. लोकांनी लगेच ओळखलं. मी मुद्दाम घेतली का? हो, घेतली. पण आमच्या घरातल्या उरलेल्या डब्यांत सगळ्यात जास्त निळाच आहे, हेही खरं. किराणा दुकानांच्या बोर्डांना तो लागायचा. दोन्ही कारणं सांगायला गेले की ऐकणारा पहिल्याच कारणाशी थांबतो, वहीत लिहितो आणि पुढच्या टेबलाकडे जातो.

तेव्हा, तिथे तसं सांगत नाहीत. पण सहा माणसं एका छपराखाली आणून ठेवली की गादी कुठे टाकायची, पातेलं कुणाचं, आडनाव काय, हे सगळं पहिल्या आठवड्यातच समोर येतं. घरी असताना ज्याला ते सांभाळावं लागत नाही तो फुलंपानं काढतो, आणि काढावीत, माझी हरकत नाही. मीही काढीन. पण माझ्या फुलाला लोक रंग विचारतील की गाव, हे आधी मला कळू दे.

एक छाप मी घरी नेला. बाबांनी चष्मा लावून तो जमिनीवर पसरला आणि बराच वेळ बघत बसले. बारीक अटी वाचल्या की नाही कोण जाणे. मग 'ड्या'वर बोट ठेवून म्हणाले, "हे जोडाक्षर फसलं वं पोरी. सावली उजवीकडं गेली." उलटं कोरताना तेवढ्या एका अक्षराची सावली मी सरळ समजून कापली होती. सहा आठवड्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या क्युरेटरबाईंच्याही नाही.

कागदाची गुंडाळी करताना त्यांनी विचारलं, "मंग तुले घर भेटलं का नाई?"