तुम्ही विचारलंत म्हणून: माझं काही चुकलं का?

घरची माणसं औषधं आणायला खाली गेली, की आई हळूच विचारते, "डॉक्टर, माझं काही चुकलं का?" मांडीवर सातव्या महिन्यात जन्मलेलं, आता दीड वर्षाचं झालेलं मूल असतं. ते हसतं, आवाजाकडे बघतं, खुळखुळा हातात घेतं. उभं केलं की मात्र पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, पायांची कात्री होते. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, म्हणजे मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण. ग्रहणात भाजी चिरली, एकादशी सोडली नाही, दोन जिने चढले, अशी स्वतःच्या अपराधांची यादी तिने कधीच करून ठेवलेली असते. गेल्या आठवड्यात तुम्हीही तेच विचारलंत. बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हणून मी "नाही हो" एवढंच म्हणाले. ते पुरेसं नव्हतं.

तुमच्या बाळाच्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावलेला दिसतो. त्याला पांढरा रंग येतो मायलिनमुळे. चेतातंतूंभोवतीच्या या स्निग्ध वेष्टनामुळे संदेश झपाट्याने धावतो. ते चढवणाऱ्या पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. स्पेनचे शास्त्रज्ञ पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९२१ साली त्यांचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेली एक पेशी तंतूंच्या चाळीस-पन्नास तुकड्यांना वेष्टन घालू शकते.

एवढं स्निग्ध द्रव्य घडवायला लोह लागतं. मेंदूत सगळ्यात जास्त लोह याच पेशींत सापडतं, आणि घात तिथेच होतो. प्राणवायू वापरताना प्रत्येक पेशीत सुपरऑक्साइडसारखे दाहक रेणू तयार होतात. निरोगी, वाढलेली पेशी त्यांचं आधी हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि मग ग्लुटाथायोन, कॅटॅलेज या स्वतःकडच्या संरक्षक द्रव्यांच्या मदतीने साधं पाणी. गर्भाच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांत मात्र या पेशी अर्धवट वयात असतात. लोह तर आहे, पण पेरॉक्साइडचं पाणी करणारी यंत्रणा अजून तोकडी. पेरॉक्साइड साचतं, लोहाशी त्याची गाठ पडते आणि हायड्रॉक्सिल हा फार जहाल रेणू जन्मतो. तो पेशीच्या स्निग्ध पडद्यांवर तुटून पडतो. डब्यातले शेंगदाणे खवट होतात ना, ती क्रिया याच जातीची. १९९८ साली प्रयोगशाळेत हेच दिसलं होतं: ग्लुटाथायोन संपवलं की अर्धवट वयातल्या पेशी मरत होत्या, वाढलेल्या तग धरत होत्या.

पोटात बाळाला प्राणवायू बेताचाच मिळतो, म्हणून हा धोका आवरलेला असतो. तेच बाळ अवेळी बाहेर आलं की रक्तप्रवाह कमी-जास्त होतो, प्राणवायू कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. त्यात जंतुसंसर्ग झाला तर मेंदूतल्या संरक्षक पेशी स्वतःच दाहक रेणू सोडू लागतात. आणि पायांकडे जाणारे तंतू पोकळ्यांना सगळ्यात जवळून जातात. म्हणून हात वाचले, पाय अडले. ग्रहण, एकादशी, जिना यांतलं काहीही या साखळीत कुठेच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पूर्वी वाटायचं की या पेशी मेल्या म्हणजे संपलं. आता माहीत आहे, की त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. पण त्यांतल्या पुष्कळशा अर्ध्या वाढीवरच अडून राहतात. त्यांची अडलेली वाढ पूर्ण कशी करून घ्यायची, यावर काम चालू आहे. अडलेल्या पेशीकडून अजून आशा धरता येते.

तुमच्या मिस्टरांनी अँटिऑक्सिडंट, म्हणजे दाहक रेणूंना आवरणाऱ्या, थेंबांची बाटली दाखवली होती. झालेली इजा अशा थेंबांनी भरून येते याला पुरावा नाही. ते पैसे व्यायामासाठी आणि टाचेच्या स्प्लिंटसाठी, म्हणजे पायाला बांधायच्या आधारासाठी, ठेवा. पुढे पुन्हा दिवस राहिले आणि कळा फार लवकर सुरू झाल्या, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. अशा वेळी आईला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध दिलं तर बाळाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

सोमवारी याल तेव्हा सासूबाईंना औषधं आणायला खाली पाठवू नका. हे सगळं मला त्यांच्यासमोर सांगायचं आहे.