फवारणीचं औषध आणि पाण्याची बाटली
रत्नागिरीत आता बरेच जण फ्लॅटमधे राहतात पण गावाला आंब्याची कलमं असतातच, मग फवारणीचं उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून थेट किचनमधे, आमच्याकडेही परवा सिंकखाली अशीच बाटली सापडली आणि हातपायच गळाले माझे, पोरं तहान लागली की कुठलीही बाटली तोंडाला लावतात हो. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, बाटली घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा. उंदराच्या पेस्टचं तर अजूनच वाईट, पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो आणि दोनतीन दिवसांनी लिव्हर जातं. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून बंदी आल्यावर आत्महत्या खूप कमी झाल्या, म्हणजे घरात विष हाताशी नसलं तरी जीव वाचतात. मन फार जड झालं असेल तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.