टायर बदलताना: माप, बांधणी आणि वजन

डिचोलीहून चोर्ला घाटाने बेळगावला माझे नेहमीचे जाणे-येणे असते. त्यामुळे टायरची नक्षी झिजून 1.6 मिलिमीटरच्या, म्हणजे टायर बदलायची वेळ झाल्याचे दाखवणाऱ्या, खुणेशी आली, तेव्हा पावसाळ्याआधीच चारही टायर बदलायचे ठरवले. मूळ माप 185/65 आर 15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची. म्हापशाच्या दुकानदारांनी 205/60 आर 15 सुचवले. रुंद टायरने गाडी रस्ता धरून चालते, असे त्यांचे म्हणणे. व्यास जेमतेम साडेपाच मिलिमीटरने वाढत असल्याने स्पीडोमीटर फारसा बिघडणार नव्हता. 195/65 बसवले असते, तर काटा 80 वर असताना गाडी जवळजवळ 82 च्या वेगाने धावली असती.

तरीही मी दोन्ही टायर वजनकाट्यावर ठेवायला सांगितले. रुंद टायर किलोभराने जड भरला. हे वजन डिकीतल्या सामानासारखे नसते. ते स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे खड्ड्यातून उसळलेले चाक पुन्हा रस्त्यावर टेकायला वेळ लागतो, आणि त्यातला बराचसा भाग चाकाच्या कडेने फिरत असल्याने वेग घेताना व ब्रेक लावताना त्याचा भार अधिक पडतो. कोरड्या वळणावर रुंद टायरची पकड बहुधा सरस असते, हे मला मान्य आहे. पण साचलेल्या पाण्यावर तोच लवकर तरंगू लागतो, आणि आपल्या गोव्यात पावसाळ्याचे चार महिने त्याचाच विचार आधी करावा लागतो.

मग मूळ मापातलेच दोन टायर पाहिले. दोन्ही रेडियल (मापातला ‘आर’ तोच), म्हणजे आतले धागे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले, दोन्हींच्या नक्षीखाली पोलादी तारांचे दोन थर. मात्र एकाच्या भिंतीत पॉलिएस्टरचा एक थर, तर दुसऱ्याच्या भिंतीत दोन. दोन थरांची भिंत वळणावर कमी लवते आणि दगडाच्या धारेला अधिक टिकते, पण वजन वाढते आणि गचकेही जास्त बसतात. मी एका थराचा घेतला. त्यावरचा भारांक 88, म्हणजे प्रत्येक टायर जास्तीत जास्त 560 किलो भार पेलू शकतो, माझ्या गाडीच्या मूळ टायरइतकाच होता.

नव्या, खोल नक्षीमुळे सुरुवातीला स्टिअरिंग किंचित सैल लागले. ती थोडी घासल्यावर, आणि दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे टायर थंड असताना हवा भरल्यावर, घाटातल्या ओल्या वळणांवर गाडी वळवावी तशी वळू लागली.