पेटीवरची बोटं हार्पसिकॉर्डवर

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असा समितीचा निरोप आला. आठवणी बाकीचे लिहितीलच. संगीताच्या बाईंनी प्रार्थनेच्या पेटीवर माझी बोटं बसवली, त्या बोटांचं पुढे काय झालं ते मी सांगते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अ‍ॅम्स्टरडॅमला गेलो आणि तिथे मी हौसेने हार्पसिकॉर्ड शिकू लागले. माझे शिक्षक नामवंत डच हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लिओनहार्ट यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यामुळे लिओनहार्ट माझे परात्पर गुरू, असं मी उगीचच मिरवते.

हार्पसिकॉर्ड दिसतं पियानोसारखं, पण आत हातोड्या नसतात. पट्टी दाबली की पिसाच्या काडीचा बारीक तुकडा तार छेडतो. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. पेटीला निदान भाता असतो, इथे तोही नाही. मग सम दाखवायची कशी? आधीचा स्वर किंचित आखूड तोडायचा, पुढचा केसभर उशिरा आणायचा, एखादा पुढच्यात मिसळेपर्यंत धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, जोर दिला! लिओनहार्टांच्या वादनात हे इतकं सहज येतं की शोधूनही पटकन सापडत नाही. मला अजून दहातून एकदा जमतं.

लिओनहार्टांचा जन्म १९२८ चा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शिकून व्हिएन्नाला गेले ते वाद्यवृंद-संचालन शिकायला, पण रमले ग्रंथालयात, जुनी हस्तलिखितं हाताने उतरवून घेत. १९५० साली तिथेच अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही रचना वाजवून पहिली मैफल केली. तेव्हाची कारखान्यातली हार्पसिकॉर्डं पियानोसारखी जडशीळ असत. लिओनहार्टांनी मार्टिन स्कोव्रोनेकसारख्या कारागिरांनी अठराव्या शतकातल्या नमुन्यांवरून घडवलेली हलकी वाद्यं जवळ केली. १९५४ पासून ते अ‍ॅम्स्टरडॅमला शिकवू लागले. वाद्यवृंद-संचालक हार्नोनकूर यांच्यासोबत बाखच्या चर्चमधल्या कॅन्टाटांचं, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांचं, ध्वनिमुद्रण १९७१ मध्ये सुरू झालं, ते जवळपास वीस वर्षं चाललं. १९८० चा इरॅस्मस पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. १९६८ च्या एका चित्रपटात त्यांनी चक्क बाखची भूमिका केली, तीही मुख्यतः वाजवूनच. आणि एवढ्या शिस्तीच्या, सदा सुटाबुटातल्या माणसाला शौक कसला, तर वेगवान अल्फा रोमिओ गाड्यांचा!

डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसला शेवटची मैफल झाली आणि पुढच्याच महिन्यात ते गेले.

मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते शिष्यांचं. टॉन कोपमन, बॉब फान आस्पेरेन, क्रिस्टोफर हॉगवूड, पिएर हांताई. घराण्यात वाढलेल्या आपल्या कानांना नवल वाटेल, पण कोपमन गुरूसारखं अजिबात वाजवत नाहीत. गुरू मोजकं, राखून वाजवणार. शिष्याच्या वादनात मुरक्या-हरकतींची नुसती रेलचेल. बाखची एकच रचना दोघांकडून लागोपाठ ऐकावी. शाळेच्या संगीतवर्गात मुलांना ऐकवायची असेल तर कळवा, दोन्ही ध्वनिमुद्रणं मी पाठवते.