गाठीभोवतीचं निरोगी मांस

“म्याडम, गाठ तर एवढीशी हाय, मंग एवढा गाल काऊन कापून ऱ्हायले?” वडिलांच्या बायोप्सीच्या काचा घेऊन पॅथॉलॉजीत आलेल्या काटोलकडच्या मुलानं विचारलं. वडिलांच्या गालात वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. नागपुरात ही गोष्ट आम्हाला नवी नाही, पण सवयही होत नाही. मी सांगितलं, कॅन्सरची गाठ दिसते तेवढीच नसते. तिच्या पेशी बाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या मांसात शिरलेल्या असू शकतात. म्हणून सर्जन चहूबाजूंनी साधारण १ सेंटीमीटर निरोगी भागासकट ती काढतात. त्याला काही ते पटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमधून फ्रोझनसाठी, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायला, गालाचा तुकडा आला. लांब दोरा मागच्या कडेला, आखूड वरच्या. दोरे नसते, तर कापलेल्या मांसाची कुठली बाजू कुठली हे कोण सांगणार? कापलेली कड मायक्रोस्कोपखाली ओळखू यावी म्हणून कडांना शाई लावली. सुरी गाठीतून गेली तेव्हा आत पांढरट, कडक. भोवती मऊ गुलाबी, नजरेला अगदी निर्धोक. मागच्या कडेचा तुकडा क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून काप घ्यायच्या यंत्रात, उणे २० अंशांच्या आसपास गोठवला, पातळ काप घेऊन रंगवला. मायक्रोस्कोपखाली शाईला लागूनच कॅन्सरच्या पेशींचे दोन पुंजके.

मी लगेच थिएटरमध्ये सर्जनना फोन केला. “सर, मागची कड पॉझिटिव्ह आहे, कॅन्सर कडेपर्यंत आहे.” पेशंट टेबलवर, भूल चालू. सर एवढंच म्हणाले, “अक्कलदाढेमागून अजून घेतो.”

दुसरा तुकडा नखाएवढा. त्यात सुजलेली लाळग्रंथी होती. गोठवलेल्या कापात ती कधीकधी कॅन्सरसारखी भासते, म्हणून अजून खोलवरचे काप घेतले, सीनियर मॅडमना दाखवले. कॅन्सर नव्हता. तसं कळवलं तेव्हा कुठे मी खुर्चीला पाठ टेकली.

फॉर्मेलिन या मांस टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेल्या मुख्य तुकड्याचा रिपोर्ट काही दिवसांनी झाला. कापल्यावर मांस आक्रसतं, फॉर्मेलिनमध्ये आणखी थोडं. त्यामुळे टेबलवरचं १ सेंटीमीटर आमच्या पट्टीवर तेवढं भरत नाही. ५ मिलिमीटर किंवा जास्त उरलं की कड मोकळी म्हणतात. बाकीच्या कडा तशा होत्या.

रिपोर्ट न्यायला मुलगाच आला. मागच्या कडेची काच मी त्याला मायक्रोस्कोपमधून दाखवली. शाई कुठली, पेशी कुठल्या, सगळं विचारून घेतलं त्यानं. मग लगेच पुढचा प्रश्न, “अन् गळ्यातल्या गाठी?” ऑपरेशनमध्ये काढलेल्या गळ्यातल्या लसिकाग्रंथींबद्दल तो विचारत होता. त्यातल्या एकीत कॅन्सर निघाला होता. रेडिएशनबद्दल सरांशी आजच बोलून घे म्हटलं, आणि ओपीडी बंद व्हायच्या आत त्याला खाली पाठवलं.