वाक्य संपलं हे इंग्रजीत कोण सांगतं?

इथे लीड्समध्ये नव्या विद्यार्थ्यांना निबंधलेखनात मदत करणं हे माझं काम. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलामुलींचे कागद हातात आले की दरवेळी जाणवतं, शब्दसंग्रह भरपूर, स्पेलिंग चोख, पण वाक्यं एकमेकांत घुसलेली. इथली पद्धत अशी की चूक दुरुस्त करून द्यायची नाही; समासात खूण करायची आणि विद्यार्थ्यालाच शोधू द्यायची. आपली मुलं त्या खुणेकडे बघत बसतात, कारण चूक त्यांना दिसतच नाही. त्यामागे मराठी आणि कन्नड या आपल्या दोन्ही भाषांची सवय आहे.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'बस उशिरा आली' म्हटलं की 'आली'पाशी वाक्य मिटतं. पुढे स्वल्पविराम द्या नाहीतर पूर्णविराम, वाचणारा अडखळत नाही. मोडीत तर विरामचिन्हं नव्हतीच, शब्दही तोडून लिहीत नसत, तरी जमिनीचे व्यवहार तिच्यात बिनघोर चालले. ही चिन्हं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. ती रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच. म्हणून सीमाभागातल्या मुलांची ही सवय दुप्पट पक्की.

इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं, त्यामुळे वाक्य कुठे संपलं हे चिन्हालाच सांगावं लागतं. 'द बस वॉज लेट, आय मिस्ड द लेक्चर' यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत. याला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. ओळखायला सोपं आहे: दोन्ही बाजूंचा हो-नाही प्रश्न करून बघा. 'वॉज द बस लेट?' 'डिड आय मिस द लेक्चर?' दोन्ही प्रश्न जमले, म्हणजे दोन्ही वाक्यं स्वतंत्र. मग मध्ये पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामापुढे 'सो' घाला. 'हाउएव्हर'ला मात्र 'सो'सारखं जोडता येत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविरामच हवा. इथल्या इंग्रज मुलांच्या निबंधांतही ही चूक सर्रास सापडते, तेव्हा कुणी लाजू नये.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती वेगळीच चूक. 'कॉलेजला जाताना पाऊस आला.' जाणारी मी, येणारा पाऊस, हे कुणालाही कळतं. 'कालेजिगे होगुवाग मळे बंतु' हेही कन्नडमध्ये बिनचूक. पण 'गोइंग टू कॉलेज, द रेन स्टार्टेड' लिहिलं की इंग्रजीत पाऊसच कॉलेजला निघतो, कारण सुरुवातीचा तुकडा स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. तसंच 'वेटिंग ॲट द थर्ड गेट, द ट्रेन पास्ड.' बेळगावात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटवर खोळंबायचो आपण, गाडी कशाला थांबेल? 'व्हाइल वी वेअर वेटिंग ॲट द थर्ड गेट, द ट्रेन पास्ड' असं लिहून माणसाला वाक्यात आणलं की झालं. मनात 'जाताना', 'बघताना' आलं की जाणारं-बघणारं कोण, ते कागदावर उतरलंय का, हे तपासा.

'जरी-तरी'ची जोडी आपल्याला हवीच असते, म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' लिहिलं जातं. इंग्रजीला एकच पुरतं, 'बट' काढा.

आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी थोडं. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नातल्या निबंधाला किमान 250 शब्द आणि साधारण 40 मिनिटं असतात, आणि व्याकरणाला एक चतुर्थांश गुण. शेवटची चार-पाच मिनिटं राखून ठेवा आणि निबंध शेवटच्या वाक्यापासून वर वाचत जा. ओघ तुटला की अर्धवट तुकडे उघडे पडतात. 'मी उशिरा आले. कारण बस चुकली.' हे आपल्याकडे चालतं. 'बिकॉज आय मिस्ड द बस' एवढंच इंग्रजीत एकटं उभं राहत नाही, ते मागच्या वाक्याला जोडावं लागतं. मात्र 'बिकॉज'ने वाक्य सुरू करायचंच नाही, हा शाळेत घोकलेला नियम खुशाल सोडून द्या. 'बिकॉज आय मिस्ड द बस, आय वॉज लेट' अगदी शुद्ध आहे.